उंदरांनी खाल्लेलं पान

टास्मानियातल्या होबार्ट शहरात, डर्वेंट नदीकडे उतरत जाणाऱ्या एका गल्लीत एक म्हातारा सुतार राहायचा. त्याच्या घरात एक जुनं बायबल होतं. तिकडच्या जुन्या घरांतून अशी बायबलं असतात आणि त्यांची पहिली कोरी पानं म्हणजे घराची वंशावळ असते. कोण कधी जन्मलं, कुणाचं लग्न कुणाशी लागलं, कुणाला कधी माती दिली, ते सगळं पिढ्यान्‌पिढ्या त्याच पानांवर लिहीत जायचं. ह्या बायबलातलं पहिलं पान मात्र नव्हतं. शिवणीपाशी बोटभर पट्टी तेवढी उरली होती आणि पट्टीवर शाईच्या दोन-तीन शेपट्या, निम्म्याहून जास्त गेलेल्या अक्षरांच्या.

सात-आठ वर्षांचा असताना त्याने आजीला विचारलं होतं, "नॅन, हे पान कुठे गेलं?"

"उंदरांनी खाल्लं."

पोराने पट्टीवरून बोट फिरवलं. कड सरळ होती, पट्टी लावून कापल्यासारखी. "उंदीर कात्रीने खातात?" त्याने विचारलं. नॅनने हातातला लाकडी डाव त्याच्या पोटरीवर हाणला आणि त्या विषयाची वाट जी बंद झाली ती साठ वर्षं बंदच राहिली.

घरात सांगायची गोष्ट ठरलेली होती. घराण्याची मूळ बाई एका लष्करी अधिकाऱ्याच्या बायकोची सोबतीण म्हणून इंग्लंडहून आली. स्वखुशीने आली, मोकळी आली. पुरावा म्हणून चांदीचा एक चमचा दाखवला जाई. चमच्यावर कुणाची तरी आद्याक्षरं होती. ती घरातल्या कुणाचीच नव्हती, म्हणजे त्या अधिकाऱ्याचीच असणार! परक्याची आद्याक्षरं असलेला चमचा आपल्या घरी असण्याचा दुसराही अर्थ निघू शकतो, हे कुणाच्या मनात आलं नाही. आलं असेल तर कुणी बोललं नाही.

असं गप्प राहायला कारण होतं. १७८८ ते १८६८ ह्या ऐंशी वर्षांत ब्रिटिशांनी सुमारे १,६२,००० कैदी ऑस्ट्रेलियात पाठवले. आपण जिला काळं पाणी म्हणतो तीच ही शिक्षा. टास्मानियाचं नाव तेव्हा व्हॅन डिमेन्स लँड होतं आणि ते नाव उच्चारलं की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे बेड्या यायच्या. १८५३ साली तिथे कैदी आणणं थांबलं आणि १८५६ साली बेटाने आपलं नावच बदलून टाकलं. बेटाला नाव बदलता येतं, मग माणसांनी का मागे राहावं? मुलांनी बापाचा इतिहास गिळला, नातवंडांना तो माहीतच झाला नाही. तिकडे सिडनीत १८८२च्या सप्टेंबरात गार्डन पॅलेस नावाची भव्य इमारत एका सकाळी जळून गेली आणि आदल्या वर्षीच्या जनगणनेचे कागद तिच्यासोबत राख झाले. आग मुद्दाम लावली, बड्या घरांना आपलं मूळ झाकायचं होतं, अशी कुजबुज लगेच सुरू झाली. ती खरी-खोटी कशीही असो, लोकांना ती पटली, ह्यातच काय ते आलं.

आणि आपण हसू नये. आपल्याकडेही मूळपुरुष एक तर सरदार असतो नाही तर सत्पुरुष. चोर कुणाच्याच वंशावळीत सापडत नाही. इतके सगळे चोर निपुत्रिकच गेले म्हणायचे.

तर म्हातारा साठी ओलांडून पुढे गेला तोवर वारा पार फिरला होता. शनिवारी तो लॉन बोल्सच्या क्लबात जायचा. तिथे बिअरच्या ग्लासावर एक जण सांगे, माझा पूर्वज मेंढीचोर. दुसरा म्हणे, माझ्याकडे दोन आहेत. तिसऱ्याचा पूर्वज १७८८च्या पहिल्या ताफ्यातल्या अकरा जहाजांपैकी एकावरून आलेला, म्हणजे त्याची खुर्ची सगळ्यांत उंच. अशा घराण्यांची तर १९६८पासून संस्थाच आहे. जे लपवण्यात पणज्यांचा जन्म गेला ते आता लोक छातीवर बिल्ल्यासारखं लावून हिंडत होते. म्हातारा आपला चांदीचा चमचा घेऊन कोपऱ्यात. मोकळ्या आलेल्या सोबतिणीची गोष्ट ऐकायला कुणाला वेळ होता?

नात अकरा वर्षांची. शाळेत घराण्याची माहिती लिहून आणायला सांगितलं होतं. "पॉप, आपलं कोण?" तिने विचारलं. म्हाताऱ्याने बायबल काढलं, पट्टी दाखवली आणि दुसऱ्या दिवशी दोघं मरी स्ट्रीटवरच्या ग्रंथालयाच्या इमारतीत, अभिलेखागारात जाऊन बसली.

टेबलामागच्या बाईंनी पहिलाच धडा दिला: गोष्टीपासून सुरुवात करायची नाही, स्वतःपासून करायची. आपला जन्मदाखला, त्यावरून बापाचा, त्यावरून त्याच्या आईचा, असं एकेक पायरी उतरत मागे जायचं. पायरी गाळली की दुसऱ्याच्या घरात शिरलात म्हणून समजा. ह्या बेटावर जन्म, लग्न, मृत्यू ह्यांची सरकारी नोंद १८३८च्या डिसेंबरापासून आहे, त्यामुळे उतरणं सोपं गेलं. आजी, आजीचा बाप, त्याची आई आणि मग त्या आईची आई. तिचं लग्न १८४२चं. पण लग्नाच्या नोंदीआधी तिचं नाव दुसऱ्याच एका वहीत सापडलं. लग्नाची परवानगी मागणाऱ्या अर्जांची वही होती ती.

"मोकळ्या माणसांना लग्नाला सरकारची परवानगी लागत नव्हती," बाई म्हणाल्या.

नावापुढे एका जहाजाचं नाव लिहिलेलं होतं. कैद्याची ओळख म्हणजे नाव आणि जहाज. जन्मभर ते जहाज आडनावासारखं मागे चिकटलेलं. म्हाताऱ्याने बोट सरकवलं. नवऱ्याच्या नावापुढेही जहाजच होतं. एक शोधायला आला होता, दोन निघाले. बाहेर आल्यावर त्याने नातीला स्कॅलपची पाय, म्हणजे शिंपल्यांचं सारण भरलेली पेस्ट्री, खाऊ घातली आणि स्वतः दोन खाल्ल्या.

नातीला मात्र कोडं पडलं. "मग मोकळी आली असं का सांगायचे?"

तेव्हा म्हाताऱ्याने खिशातून वीस डॉलरची नोट काढून पुढे केली. टेबलामागच्या बाईंकडून नुकतंच ऐकलेलं त्याने आपलं म्हणून सांगितलं. नोटेवरची बाई मेरी रीबी, जन्म १७७७, लँकेशरची. तेरा-चौदा वर्षांची असताना पोराचे कपडे घालून, जेम्स बरो असं नाव सांगून फिरत होती. घोडा चोरल्याबद्दल सापडली. सात वर्षं काळं पाणी. १७९२ साली सिडनीला उतरली, एका जहाजी माणसाशी लग्न केलं, सात मुलं झाली. १८११ साली नवरा गेला तेव्हा तिने जहाजं, वखारी, जमिनी सगळं आपल्या हातात घेऊन वाढवलं. १८१७ साली न्यू साउथ वेल्सची पहिली बँक उघडली ती तिच्याच मालकीच्या घरात. १८२० साली मुलींना घेऊन ती इंग्लंडला जाऊन आली. आणि १८२८च्या जनगणनेत, तुम्ही इथे कशा आलात ह्या रकान्यात तिने लिहवलं: मोकळी आले, १८२१. खोटं एक अक्षर नाही! दुसऱ्या खेपेला ती भाड्याचे पैसे मोजूनच आली होती.

नात हसत सुटली. मला विचाराल तर त्या उत्तराला दाद द्यावीच लागते. भल्याभल्या वकिलाला सुचणार नाही. पण नोटेवर चेहरा यायची ऐपत नसलेल्या बायकांना असं उत्तर कुठून सुचणार? त्यांच्या मुलींना कात्रीच काढावी लागली.

पुढच्या आठवड्यात वर्तनपत्रक सापडलं. हा कागद पाहण्यासारखा असतो. एकेका कैद्याला एकेक जागा, वर गुन्हा आणि शिक्षा, खाली बारीक अक्षरांत त्याच्या सगळ्या आगळिकी, कारकुनामागून कारकून बदलत गेले तशी शाई बदलत गेलेली. आणि सोबतच्या वहीत वर्णन. उंची पाच फूट अर्धा इंच. वर्ण गोरा, चेहऱ्यावर देवीचे वण. डोळे घारे. उजव्या अंगठ्यावर भाजल्याचा डाग. डाव्या हातावर गोंदलेला नांगर आणि दोन अक्षरं.

म्हातारा बराच वेळ त्या ओळीपाशी थांबला. ज्या अधिकाऱ्याच्या बायकोची ही सोबतीण म्हणे, तशा मोकळ्या आलेल्या बायकांचे डोळे कसे होते हे आज कुठल्या वहीत आहे? कुणी त्यांच्या अंगठ्यावरचा डाग लिहून ठेवला? सरकारने हिलाच एवढं निरखून पाहिलं, आणि तेही मायेने नाही. पळालीच तर पकडता यावी म्हणून. पण आज खापरपणजीची आई त्याला समोर उभी दिसत होती ती त्या संशयी कारकुनामुळेच.

खालच्या ओळी वाचायला जड गेल्या. कैदी बायकांना घरकामाला गोऱ्या वसाहतकारांकडे देत. ही एका रात्री न सांगता बाहेर राहिली: सहा दिवस अंधारकोठडी, पाव आणि पाणी. मालकिणीला उलट बोलली: दोन महिने कॅस्केड्सच्या बायकांच्या तुरुंगात, गुन्हेगार वर्गात, धुण्याच्या टाकीवर. कॅस्केड्सचा तुरुंग १८२८ साली सुरू झाला. पर्वताच्या सावलीतली, ओढ्याकाठची ओल धरणारी जागा. त्या वर्गातल्या बायकांच्या कपड्यांवर पिवळ्या रंगाचं ठळक अक्षर शिवलेलं असे. १८३८ साली तिथेच तिला मुलगी झाली. बाप कोण ते लिहिलेलं नाही. मूल अंगावरून तुटलं की आईला पुन्हा कामाला धाडत आणि तीनेक वर्षांचं झालं की मुलाची रवानगी न्यू टाउनच्या अनाथशाळेत. आई जिवंत असलेल्या पोरांची अनाथशाळा! तिथल्या वहीत मुलीचं नाव होतं. दाखल, १८४१. आणि सगळ्यांत शेवटी, सोडल्याच्या रकान्यात, १८४५: आईकडे.

सात वर्षांची शिक्षा १८४३ साली संपली होती. १८४२ साली लग्न, मग सुटका आणि मग मुलगी परत घरी. शिक्षा संपली म्हणून सरकार कुणाला परत इंग्लंडला नेऊन सोडत नसे. भाडं ज्याचं त्याने भरायचं. बायकांपैकी फार थोड्या परतल्या.

"हीच ना ती?" नात म्हणाली. "पान कापणारी?"

ते कुठल्याही वहीत नव्हतं. पण नॅनच्या बापाची आई म्हणजे तीच अनाथशाळेतली मुलगी आणि नॅन तिच्या मांडीवर वाढलेली. उंदरांची गोष्ट तिथूनच आली असावी.

इथवर सगळं छान होतं. शनिवारी म्हातारा क्लबात गेला आणि ग्लास खाली ठेवायच्या आत बोलू लागला. घारे डोळे, गोंदलेला नांगर, कोठडी, अनाथशाळा. लोक कान देऊन ऐकत होते. कुणीतरी विचारलं, चोरलं काय होतं? वर्तनपत्रकात चोरी एवढंच होतं. म्हाताऱ्याच्या तोंडून निघून गेलं, "पाव. भुकेपोटी."

सगळे हळहळले. एकाने त्याची बिअर भरली. पुढच्या शनिवारी त्या पावाला दोन उपाशी भावंडं फुटली, त्याच्या पुढच्या शनिवारी एक कनवाळू न्यायाधीश. गोष्ट वाढत गेली आणि सुतार असूनही म्हाताऱ्याच्या लक्षात आलं नाही की आपण मापाशिवाय काम करतो आहोत.

नातीने एक टोपरं शिवायला घेतलं होतं. ऑस्ट्रेलियात पाठवलेल्या पंचवीस हजारांहून अधिक कैदी बायकांपैकी प्रत्येकीसाठी एक पांढरं टोपरं शिवायचं, त्यावर तिचं आणि जहाजाचं नाव भरायचं, असा उपक्रम टास्मानियातल्या एका कलावंत बाईंनी चालवला होता. त्याबद्दल तिने वाचलं होतं. नाव भरता भरता तिने विचारलं, "पॉप, पाव कुठे लिहिलाय?"

"लिहिलेला नाही. पण असणार."

पोर चिकट. ओल्ड बेलीच्या, म्हणजे लंडनच्या मोठ्या फौजदारी कोर्टाच्या, १६७४पासूनच्या खटल्यांच्या छापील हकिकती आता कुणालाही घरबसल्या वाचता येतात. पत्रकात खटल्याची तारीख होतीच. तिने नाव घातलं, वर्ष घातलं आणि खटला उघडला. अर्धा रकाना, तेवढाच. तेव्हाचे बरेचसे खटले काही मिनिटांत आटपत.

त्यात पाव नव्हता. दोन चादरी, एक फ्लॅनेलचा परकर, एक शाल. फिर्याद देणारी एक धोबीण होती. एका खोलीत राहून ती लोकांचे कपडे धुवायची. तिने कोर्टात सांगितलं की ह्या मुलीला भाडं भरता येत नव्हतं, थंडीचे दिवस होते, म्हणून पंधरा दिवस मी तिला माझ्या शेगडीपाशी निजू दिलं. एक दिवस मी पाणी आणायला गेले, परत आले तर ही नाही आणि कपडेही नाहीत. चादरी माझ्या नव्हत्या, गिऱ्हाइकाच्या होत्या. दर आठवड्याला थोडे थोडे पैसे देऊन मी त्या फेडते आहे, अजून फिटल्या नाहीत. मग पोलिसाची साक्ष: आरोपीच्या चोळीत गहाणवटीच्या दुकानाची पावती सापडली. दुकानदाराची साक्ष: चादरी हिनेच आणल्या. आरोपीला काही सांगायचं नव्हतं. वय बावीस. दोषी. सात वर्षं.

म्हाताऱ्याने चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. मजकूर बदलला नाही.

श्रीमंताच्या घरातून उचललं असतं तर चाललं असतं. उपाशीपोटी उचललं असतं तर फारच चाललं असतं. पण जिने शेगडीपाशी जागा दिली तिच्याच दोरीवरचं नेलं! तेही तिच्या मालकीचं नसलेलं, म्हणजे तिला कर्जात टाकून.

"शाळेत हे वाचू नकोस," तो जरा वेळाने म्हणाला.

"मग काय लिहू?"

"चोरी म्हणून लिही. खटल्याचं राहू दे."

नात त्याच्याकडे बघत राहिली. तिच्या स्वरात लबाडी नव्हती. खरंच विचारत होती. "उंदरांनी खाल्लं म्हणून सांगू?"

साठ वर्षांपूर्वीच्या पोटरीवरचा डाव म्हाताऱ्याला आत्ता लागला. रागवायला तोंड उघडलं होतं ते त्याने मिटलं. नॅनला पूर्वज चोर होती ह्याची लाज होती. त्याला ती पुरेशी सोज्वळ चोर नव्हती ह्याची होती. कात्री तीच, फक्त जरा वेगळ्या ओळीवर लावायची होती.

त्या शनिवारी तो क्लबात गेला नाही. त्याच्या पुढच्या शनिवारी गेला आणि पाव परत घेतला. लोक थोडे हिरमुसले. एक जण म्हणाला, तुझी पहिली गोष्टच चांगली होती. म्हातारा म्हणाला, हो, चांगली होती.

मग त्याला धोबिणीचा नाद लागला. रोज संध्याकाळी नातीला शेजारी बसवून तो तिचं नाव शोधायचा. मिळेना. तिला कुणी जहाजावर चढवलं नव्हतं, त्यामुळे तिची उंची कुणी मापली नव्हती. तिने कोठडी पाहिली नव्हती, लग्नाला परवानगी मागितली नव्हती, मालकिणीला उलट बोलली असेल तर ते कुणी लिहून ठेवलं नव्हतं. तिचे डोळे घारे होते की काळे? एवढ्या मोठ्या साम्राज्याच्या एवढ्या दप्तरात त्या बाईच्या नावे होता तो फक्त अर्धा रकाना, तोही तिची वस्तू चोरीला गेली म्हणून. चोराचे अडीच-तीनशे वंशज आज टास्मानियात हिंडत होते, त्यातले काही टोपरी शिवत होते. हिच्यासाठी शोध घेणारं जगात कुणी असलंच तर ते चोराच्या घरातलंच, हे दोघं.

जून महिना होता, तिकडचा हिवाळा. म्हाताऱ्याने कामाच्या टेबलावर जुनं वर्तमानपत्र पसरलं, सरस गरम केला आणि बायबल उघडून ठेवलं. जाडसर कागदाचं एक पान त्याने नेमक्या मापाने कापलं, शिवणीपाशी उरलेल्या पट्टीला चिकटवलं, वर फळी ठेवून शिकंज्यात रात्रभर दाबलं. पट्टीवरच्या त्या शाईच्या शेपट्या मात्र त्याने झाकू दिल्या नाहीत; जोड त्यांच्या अलीकडेच घेतला. सकाळी हात फिरवला तर सांधा लागत होता, पण पक्का होता.

लिहायला त्याने नातीला बसवलं, कारण त्याचा हात आता थरथरायचा. वर खापरपणजीच्या आईचं नाव, जहाज, उंची, डोळे, अंगठ्यावरचा डाग. दोन चादरी, एक परकर, एक शाल. मग नवऱ्याचं नाव आणि जहाज. मग मुलगी, जन्म १८३८, अनाथशाळा, १८४५ साली आईकडे. तिथून खाली सरळ, नॅनपर्यंत, म्हाताऱ्यापर्यंत, नातीपर्यंत.

"झालं," नात म्हणाली.

"नाही. वरती जागा ठेवलीस ना? तिथे त्या धोबिणीचं लिही."

पेन थांबलं. "पण ती आपली कोण?"

"तिच्या चादरी आपल्याकडे आहेत," म्हातारा म्हणाला आणि शाई सांडू नये म्हणून दौत जरा पलीकडे सरकवली.